ओव्हरटाइमचा हिशेब : गेटवरच्या नोंदीपासून पगारपत्रकापर्यंत

बरीच वर्षं मी एका फॅब्रिकेशन युनिटचं टाइम ऑफिस आणि पगार सांभाळत होतो. एक वेल्डर राजीनामा देऊन हिशेब घ्यायला आला आणि त्यानं माझ्या टेबलावर खिशातली छोटी डायरी ठेवली. चौदा महिन्यांची रोजची येण्या-जाण्याची वेळ, पेनानं, तारीखवार. आमच्या रजिस्टरात एका महिन्यापुढे ‘ओटी (म्हणजे ओव्हरटाइम) – २२ तास’ असा एकच आकडा होता, त्याच्या डायरीत त्याच महिन्याचे ३१ तास होते. ते २२ कुठून आले हे मला सांगता येईना. सुपरवायझरनं महिनाअखेरीला तोंडी सांगितले होते, मी लिहून घेतले होते. डायरी खरी होती. त्याला फरक द्यावा लागला, आणि द्यायलाच हवा होता.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा हे बहुतेक मालकांना आणि जवळजवळ सगळ्या कामगारांना ठाऊक असतं. भांडण होतं ते तासांवरून. म्हणून तास ज्या दिवशी झाला त्याच दिवशी लिहिला गेला पाहिजे आणि ज्यानं काम केलं त्याची त्यावर सही पाहिजे. कायदाही याच बाजूनं आहे. वेतन संहिता २०१९ च्या कलम ५९ नुसार, पैसे मिळाले नाहीत असा दावा कामगारानं केला तर पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. ‘त्यानं दाखवावं किती तास केले’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

पुढची पद्धत महाराष्ट्रातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांना आणि आस्थापनांना डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे.

आधी ठरवा : कोणता कायदा, कोणता माणूस

चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कारखान्यांसाठी इतकी वर्षं कारखाने अधिनियम १९४८ होता. त्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता २०२० नं घेतली आहे. पैशांची बाजू वेतन संहिता पाहते. दुकानं, ऑफिसं, गोदामं, हॉटेलं यांच्यासाठी महाराष्ट्राचा स्वतःचा दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ आहे.

जुन्या कारखाने अधिनियमात मर्यादा दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास होती. नव्या संहितेत दिवसाचे ८ तास आहेत. दुकानांच्या कायद्यात मूळ मर्यादा ९ आणि ४८ होती, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखाने आणि दुकानं दोन्हींच्या तासांत फेरबदल मंजूर केले. हे सगळं वाचून डोकं गरगरतं, म्हणून माझा सल्ला सरळ आहे : हिशेबाची चौकट दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ अशी बांधा. यापेक्षा सैल मर्यादा तुम्हाला लागू असली तरी अशा हिशेबात कामगाराचं नुकसान होत नाही आणि तुमच्यावर थकबाकी निघत नाही. दुप्पट दर या सगळ्या कायद्यांत सारखाच आहे.

आता माणूस. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय कामावरची माणसं ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत. सुपरवायझरचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणाराही २०२० च्या संहितेत त्या व्याख्येबाहेर आहे. पण इथे हुद्द्याचं नाव पाहत नाहीत, दिवसभर तो माणूस करतो काय हे पाहतात. मशिनवर उभ्या असलेल्या माणसाच्या ओळखपत्रावर ‘एक्झिक्युटिव्ह’ छापलं म्हणून त्याचा ओटी बुडवता येत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे तो ओव्हरटाइमला पात्र आहे की नाही आणि का, हे एका ओळीत लिहून ठेवा. वाद झाला की हीच यादी पहिली मागितली जाते.

अल्पवयीन कामगारांना ओव्हरटाइमवर ठेवू नका. अप्रेंटिसलाही सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय जादा वेळ थांबवून घेता येत नाही. घाईच्या दिवसांत ‘पोरगा शिकतोय, थांबू दे जरा’ असं सहज म्हटलं जातं, पण ते चालत नाही.

कोणता वेळ कामाचा धरायचा

शिफ्टच्या वेळा, जेवणाची सुट्टी आणि साप्ताहिक सुट्टी फलकावर लावा. मधली सुट्टी कामाच्या तासांत मोजत नाहीत, पण ती खरोखर सुट्टी असली तर. भट्टीवर लक्ष ठेवत डबा खाल्ला तर ती अर्धा तासाची सुट्टी झाली नाही, तो अर्धा तास कामाचा आहे. जुन्या कायद्यात सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, असा नियम होता. वेळापत्रक आखताना तो पाळाच.

शिफ्ट सुरू होण्याआधी वीस मिनिटं बोलावून घेतलेली मीटिंग, पुढच्या शिफ्टला चार्ज देताना गेलेला वेळ, मशिन बंद पडलं म्हणून ‘इथेच थांब’ असं सांगून बसवून ठेवलेला वेळ, सक्तीचं प्रशिक्षण, हे सगळं मी कामातच धरत आलो. निकष एकच ठेवा : त्या वेळात माणूस तुमच्या हुकमात होता की स्वतःचा मोकळा होता?

रात्रपाळीत नवा टाइमकीपर हमखास चुकतो. रात्री १० ते सकाळी ८ असं काम झालं की तो मध्यरात्रीला दिवस तोडतो, २ तास आधीच्या तारखेत आणि ८ तास पुढच्या तारखेत टाकतो, आणि ओटी शून्य होतो. कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये याचं उत्तर स्पष्ट होतं : मध्यरात्रीनंतरचे तास आधीच्याच दिवसात धरायचे. म्हणजे अर्धा तास सुट्टी वजा जाता ते साडेनऊ तासांचं एकच काम आहे आणि ८ तासांच्या चौकटीत दीड तास ओटी आहे. पंचिंग मशिनचं सॉफ्टवेअर दिवस कुठे तोडतं हे स्वतः एकदा तपासून घ्या. पुरवठादाराच्या शब्दावर राहू नका.

ओटीची चिठ्ठी : काम सुरू होण्याआधी

२०२० च्या संहितेत कामगाराच्या संमतीशिवाय ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. म्हणून थांबवायच्या आधी एक छोटी चिठ्ठी भरा. त्यात तारीख, विभाग, नाव आणि टोकन नंबर, अंदाजे किती वेळ, कशासाठी, मंजुरी देणाऱ्याची सही आणि कामगाराची सही असावी. मोबाइलवरच्या संदेशानंही चालेल, फक्त तो नंतर सापडला पाहिजे आणि त्यात वेळ व कारण असलं पाहिजे.

‘चिठ्ठी नव्हती म्हणून ओटी मिळणार नाही’ हा नियम मात्र करू नका. मंजुरी घेणं ही सुपरवायझरची शिस्त आहे. काम झालं, माल गेला, तर पैसे देणं लागतंच. मंजुरीविना थांबवलं असेल तर सुपरवायझरला जाब विचारा, कामगाराचे तास कापू नका.

रोजचं रजिस्टर

हजेरीच्या मस्टरपेक्षा ओव्हरटाइम रजिस्टर वेगळं ठेवलेलं बरं. छापील वही, एक्सेल किंवा सॉफ्टवेअर, काहीही चालेल. रकाने एवढे हवेतच : तारीख, नाव व टोकन नंबर, शिफ्ट, प्रत्यक्ष येण्याची वेळ, प्रत्यक्ष जाण्याची वेळ, मधली सुट्टी, एकूण काम, ८ तासांवरचं काम, कारण, मंजुरी, कामगाराची सही.

पंचिंगची वेळ आणि कामाची वेळ यांत फरक असतो हे मान्य. कोणी बससाठी आत थांबतो, कोणी हातपाय धुऊन निघतो. पण तो फरक महिनाअखेरीला आठवून काढता येत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी काढता येतो. मी टाइमकीपरला सांगायचो की काल ज्यांचं पंचिंग शिफ्टच्या पंधरा मिनिटांहून पुढे गेलं, त्यांची यादी आज दहाच्या आत सुपरवायझरकडे गेली पाहिजे. काम होतं की नुसतं थांबणं, हे तो लिहितो आणि कामगार त्यावर सही करतो. कामगाराला पटलं नाही तर त्याचंही म्हणणं त्याच ओळीत नोंदवा.

मिनिटं तशीच लिहा. फक्त खाली पूर्णांक करण्याची सवय फार महागात पडते. रोज १० मिनिटं ‘सोडून दिली’ तर २६ दिवसांत ४ तास २० मिनिटं होतात. पुढच्या उदाहरणातल्या दरानं ते महिन्याला ६५० रुपये आहेत, एका माणसाचे.

चूक दुरुस्त करताना खाडाखोड नको. जुना आकडा वाचता येईल अशी एक रेघ, शेजारी नवा आकडा, सही आणि तारीख. संगणकावर असेल तर कोणी, कधी, काय बदललं हे दिसलं पाहिजे.

आठवड्याची बेरीज : दोन्हीकडून मोजा

नव्या संहितेनुसार ओव्हरटाइम दिवसाच्या हिशेबानं आणि आठवड्याच्या हिशेबानं काढायचा आणि त्यातला कामगाराला जास्त फायद्याचा द्यायचा. तीन आठवडे घेऊन पाहू.

पहिला : सोमवारी १० तास, मंगळवार ते शुक्रवार रोज ८, शनिवारी ५. बेरीज ४७. आठवड्याच्या हिशेबानं ओटी शून्य, दिवसाच्या हिशेबानं २ तास. द्यायचे २. ‘शनिवारी लवकर सोडलं, त्यात वळते केले’ असं अनेक ठिकाणी करतात, ते चुकीचं आहे.

दुसरा : सोमवार ते शनिवार रोज ८, आणि रविवारी तातडीचं काम म्हणून ६ तास. दिवसाच्या हिशेबानं एकाही दिवशी ८ ओलांडले नाहीत, पण बेरीज ५४ आहे. द्यायचे ६. शिवाय साप्ताहिक सुट्टी गेली, तिच्या बदल्यात सुट्टी द्यायची आहे ती वेगळीच.

तिसरा : सोमवारी ११, बुधवारी १०, बाकी चार दिवस ८. बेरीज ५३. दिवसाच्या हिशेबानं ३ अधिक २, म्हणजे ५. आठवड्याच्या हिशेबानंही ५. द्यायचे ५, दोन्ही मिळून १० नव्हे. तेच तास दोनदा मोजायचे नसतात.

ही बेरीज दर सोमवारी करा आणि मागच्या आठवड्याचे तास नोटीस बोर्डवर किंवा प्रत्येकाच्या मोबाइलवर कळवा. तक्रार असेल तर ती तेव्हाच येते. हे सुरू केल्यावर महिनाअखेरीला माझ्या दारात लागणारी रांग दोन महिन्यांत संपली.

बदली सुट्टीबद्दलही बोलायला हवं. साप्ताहिक सुट्टीला काम झालं तर तिच्याऐवजी दुसरी सुट्टी देणं वेगळं, आणि ‘चार तास जास्त थांबलास, उद्या अर्धा दिवस जा’ असं म्हणून ओटीचे पैसेच न देणं वेगळं. पहिलं कायद्याला धरून आहे. दुसऱ्यात चार तासांच्या बदल्यात चारच तास मिळतात, दुप्पट काही मिळत नाही.

दर काढणं

‘डबल ओटी’ आणि ‘सिंगल ओटी’ हे शब्द प्रत्येक एमआयडीसीत कानावर पडतात. कायद्यात सिंगल ओटी नावाची गोष्ट नाही. महिन्याचा पगार ठरलेल्या तासांचा आहे, जादा तास त्यात नसतातच. त्यामुळे ‘एकपट पगारात आलंच, वरचं एकपट दिलं की दुप्पट झालं’ हा युक्तिवाद टिकत नाही.

समजा एका कामगाराचं मूळ वेतन ११,७०० आणि महागाई भत्ता ३,९००, मिळून १५,६००. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या अधिसूचनांत महिन्याचा दर २६ नं भागून दिवसाचा काढतात. तेच धरा : १५,६०० भागिले २६ म्हणजे ६०० रुपये रोज. भागिले ८ म्हणजे तासाला ७५. दुप्पट १५०. महिन्यात २० तास ओटी झाला तर ३,००० रुपये.

आता चुका पाहा. फक्त मूळ वेतनावर काढलं तर तासाचा ओटी दर ११२.५० येतो आणि २० तासांचे २,२५० होतात, म्हणजे कामगाराचे ७५० गेले. २६ ऐवजी ३० नं भागलं तर २,६०० होतात, म्हणजे ४०० गेले. ‘सिंगल’ दिला तर १,५००, म्हणजे निम्मे गेले. थकबाकीच्या दाव्यांत याच तीन चुका पुन्हा पुन्हा भेटतात.

वेतन कशाला म्हणायचं यातही नवं वळण आहे. वेतन संहितेच्या व्याख्येत मूळ वेतन, महागाई भत्ता आणि रिटेनिंग भत्ता (काम बंद असलेल्या काळात कामगाराला राखून ठेवण्यासाठी दिलेला) येतात. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम वगैरे बाहेर राहतात. पण बाहेर राहिलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेल्या, तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. उदाहरणार्थ, एकूण ४१,६००, त्यात मूळ आणि महागाई १५,६००, बाकी २६,००० भत्ते. निम्मे म्हणजे २०,८००. भत्ते त्यापेक्षा ५,२०० नं जास्त आहेत, ते वेतनात आले. वेतन झालं २०,८००. रोज ८००, तास १००, ओटी २००. मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवून ओटी वाचवण्याची जुनी वाट यामुळे बरीचशी बंद झाली, आणि ते चांगलंच झालं.

जुन्या कारखाने अधिनियमात दराचा पाया मूळ वेतन आणि कामगाराला मिळणारे भत्ते असा होता, बोनस आणि ओव्हरटाइम सोडून. तुमच्याकडे वर्षानुवर्षं त्या रुंद पायावर ओटी दिला जात असेल तर नव्या व्याख्येचं निमित्त करून तो कमी करू नका. कामगाराच्या हातात येणारी रक्कम घटली की विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला त्या बचतीपेक्षा जास्त खर्च येतो.

नगावर काम करणाऱ्यांसाठी कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ मधली रीत समजायला सोपी आहे : आधीच्या महिन्यात त्याच कामावर पूर्ण दिवस भरलेल्या दिवसांची सरासरी रोजची कमाई घ्यायची, ओटीचे पैसे वगळून. २४ दिवसांत १६,८०० कमावले असतील तर रोज ७००, तास ८७.५०, ओटी दर १७५.

तिमाहीची मर्यादा आणि दोन वह्या

पैसे दिले म्हणून कितीही थांबवता येत नाही. कारखाने अधिनियमात ओव्हरटाइम धरून आठवड्याला ६० तासांची मर्यादा होती. तिमाहीचा ओटी मूळ कायद्यात ५० तास आणि खास परवानगीनं ७५ होता. महाराष्ट्रानं तो पुढे ११५ पर्यंत नेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं तो १४४ करायला मंजुरी दिली. दुकानांसाठी आधीचा आकडा १२५ होता, तोही १४४ करण्याचं त्याच वेळी ठरलं. रजिस्टरात आकडा टाकण्याआधी तुमच्या प्रकारच्या आस्थापनेला त्या दिवशी कोणती अधिसूचना लागू आहे ती काढून फाइलला लावा.

प्रत्येकाच्या नावापुढे तिमाहीची चढती बेरीज ठेवा आणि मर्यादेच्या तीन चतुर्थांशाला लाल खूण करा. तिथे पोचल्यावर माणूस बदला किंवा नवा घ्या. एकाच माणसाचा ओटी दर तिमाहीला मर्यादेला टेकत असेल तर तिथे एक माणूस कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मर्यादा ओलांडली की काही ठिकाणी दोन वह्या सुरू होतात. एक निरीक्षकासाठी, दुसरी खरी. वरचे तास ‘हजेरी बक्षीस’ किंवा ‘इन्सेन्टिव्ह’ म्हणून एकपट दरानं दिले जातात. मी हे जवळून पाहिलं आहे आणि कळकळीनं सांगतो, करू नका. अपघात झाला आणि जखमी कामगार त्या वेळी कागदावर कामावरच नव्हता असं निघालं, तर त्या घरावर काय येतं याची कल्पना करा. तास ओलांडले गेलेच असतील तर खरे लिहा, दुप्पट द्या, आणि पुन्हा होणार नाही अशी माणसांची व्यवस्था करा.

पगारपत्रक आणि देण्याची तारीख

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा, ओटीही त्याच पगारात. ‘ओटी २० तारखेला वेगळा’ ही रूढ पद्धत सोडा. नोकरी सोडणाऱ्याचा किंवा काढलेल्याचा हिशेब वेतन संहितेनुसार दोन कामकाजाच्या दिवसांत पुरा करायचा आहे, त्यामुळे ओटीची बेरीज आठवड्याच्या आठवड्याला तयार असणं आता गरजेचंच झालं.

पगाराच्या चिठ्ठीवर ओटीची ओळ स्वतंत्र हवी : तास, दर, रक्कम. ‘इतर’ या रकान्यात ती कोंबू नका. भविष्य निर्वाह निधीच्या हिशेबात ओव्हरटाइम मूळ वेतनापासून वेगळा धरतात, म्हणूनही तो सुटा दिसला पाहिजे. प्राप्तिकराला मात्र ती रक्कम पगारातच मोजली जाते.

ठेकेदाराची माणसं असतील तर त्यांचा ओटी हा ठेकेदाराचा प्रश्न म्हणून सोडू नका. त्यानं वेतन बुडवलं तर मुख्य मालकाला, म्हणजे ठेका देणाऱ्या तुम्हाला, ते द्यावं लागतं. बिल पास करण्याआधी त्याचं ओव्हरटाइम रजिस्टर तुमच्या गेटच्या नोंदीशी पडताळा आणि बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा मागा.

मागची थकबाकी निघाली तर

कमी वेतन दिल्याचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. तो कामगार स्वतः करू शकतो, त्याची संघटना करू शकते किंवा निरीक्षक करू शकतो. दावा मान्य झाला तर मूळ रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते, दंड वेगळा. म्हणून कागद किमान तेवढी वर्षं जपा, मी तर पाच वर्षं सांगेन.

तुमच्याच तपासणीत चूक सापडली तर कोणी दावा करेल याची वाट पाहू नका. आधी पंचिंगची मूळ नोंद काढा. रजिस्टर आणि पंचिंग जुळत नसेल तिथे त्या कामगाराला बोलावून त्याच्याकडे काही टिपण आहे का विचारा, अनेकांकडे असतं. महिनावार तक्ता करा : झालेले तास, दिलेले तास, त्या महिन्याचा योग्य दर, दिलेला दर, फरक. तक्त्याची प्रत त्याच्या हातात द्या, वाचायला वेळ द्या, मग रक्कम बँकेत भरा आणि पगाराच्या चिठ्ठीवर ‘ओव्हरटाइम थकबाकी’ म्हणून कालावधीसह दाखवा. ज्यांनी नोकरी सोडली त्यांनाही शोधून द्या. त्यांचा बँक खाते क्रमांक जुन्या पगारपत्रकात असतोच.